गणपती ते तुळशीचं लग्न: दरवर्षी वाढणारं वजन नेमकं कुठून येतं आणि कुठे अडवायचं

तक्रार अशी असते: गणपतीच्या आधी ६८ किलो असलेलं वजन तुळशीच्या लग्नापर्यंत ७० होतं. थंडीत फिरणं सुरू झालं की थोडं उतरतं, पण पुढच्या गणपतीला काटा ६८ वर येत नाही, ६९ च्या आसपास थांबतो. असं पाच-सात वर्षं झालं की कपाटातले कपडे बदलावे लागतात, आणि दोष पुरणपोळीच्या माथी जातो.

पुरणपोळी बहुतेक वेळा निर्दोष असते. हिशोब मांडून बघा. भाद्रपद शुद्ध चतुर्थी ते कार्तिक शुद्ध द्वादशी म्हणजे साधारण ६८ दिवस (अश्विन अधिक नसेल तर). त्यात पक्वान्नाचं पान खरोखर किती वेळा मांडलं जातं? चतुर्थी, गौरीजेवण, अनंत चतुर्दशी, दसरा, कोजागिरी, नरक चतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, आणि मध्ये एखादं श्राद्धाचं जेवण. धरा दहा. प्रत्येक वेळी रोजच्यापेक्षा ७०० कॅलरी जास्त गेल्या तर झाल्या ७,०००. आता उरलेले ५८ दिवस घ्या. आधी प्रसादाचे पेढे, मग ऑफिसात फिरणारी मिठाई, मग फराळ. येता-जाता रोज फक्त २०० कॅलरी, म्हणजे एक मध्यम बेसनाचा लाडू, तरी बेरीज ११,६०० होते. एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. म्हणजे सणाच्या दहा पानांनी पाऊण-एक किलो दिलं आणि ज्या दिवसांना सण नव्हताच त्यांनी दीड किलो. शरीर इतकं काटेकोर गणित पाळत नाही, जास्त खाल्लं की थोडा खर्चही वाढवतं. पण गळती कुठे मोठी आहे हे समजायला एवढं पुरे.

म्हणून खालची सगळी दुरुस्ती मुख्यतः मधल्या दिवसांची आहे. नैवेद्याचं पान जवळजवळ तसंच राहतं.

आधी तपासा: वाढलंय ते वजन की पाणी?

गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दाखवतो आणि माणूस हाय खातो. एका दिवसात दीड किलो चरबी वाढायला साडेअकरा हजार कॅलरी रोजच्या गरजेच्या वर खाव्या लागतील. ते कुणाला जमत नाही. वाढतं ते पाणी. भात, पुरण, पुऱ्या, गूळ यांतली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी बांधलं जातं. त्यात पापड, लोणचं, चिवडा, शेव यांचं मीठ आणखी पाणी धरून ठेवतं. शिवाय पोटातलं अन्न स्वतःचं वजन घेऊन असतंच. साधं जेवण सुरू झालं की हे तीन-चार दिवसांत ओसरतं. बायकांना पाळीच्या आधीच्या दिवसांत किलो-दीड किलोचा फरक असाच दिसू शकतो.

तेव्हा मोजायची पद्धत पक्की करा. सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, अंगावर तेवढेच कपडे. काटा फरशीवर ठेवा; सतरंजीवर किंवा गालिच्यावर ठेवलेला काटा खोटं बोलतो. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, समजा बुधवार आणि रविवार. दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहा आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. एकट्या आकड्यावरून काही ठरवू नका. सरासरी सलग दोन आठवडे ३००-४०० ग्रॅमने वर गेली तर ती खरी वाढ.

काटा नसेल तर टेप चालतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. भारतीय शरीरासाठी धोक्याची रेघ पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर मानली जाते. टेपही नसेल तर पट्ट्याचं भोक आणि ब्लाउजचा हुक. दोघेही प्रामाणिक असतात.

हे नुसतं मोजणं किरकोळ वाटेल, पण याचाच उपयोग होतो असं दिसलंय. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २७२ माणसांवर केलेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे: नाताळच्या काळात एका गटाला आठवड्यातून किमान दोनदा वजन करायला, काही साध्या सवयी पाळायला आणि कोणता पदार्थ जिरवायला किती चालावं लागेल याचा तक्ता बघायला सांगितलं. दुसऱ्या गटाशी तुलना करता त्यांचं वजन सरासरी अर्धा किलो कमी राहिलं. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९५ प्रौढांचं सुट्ट्यांच्या सहा आठवड्यांत सरासरी फक्त ०.३७ किलो वजन वाढलेलं आढळलं. आकडा छोटा आहे. खोड अशी की ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही उतरलं नव्हतं. अमेरिकेतल्या मराठी घरांना तर दिवाळीचे डबे रिकामे होतात तोच थँक्सगिव्हिंग उभं राहतं, म्हणजे दोन्ही हंगाम एकाला एक जोडून.

बिघाड १: डबे ओट्यावर

सगळ्यात मोठी गळती इथे आहे. चकलीचा डबा ओट्यावर असला की चहा ठेवताना एक, चहा पिताना दोन, फोनवर बोलताना एक. यातलं काहीच "खाल्लं" म्हणून लक्षात राहत नाही.

घरगुती प्रमाणावरून काढलेले अंदाज असे. आकार आणि हात बदलला की दहा-वीस टक्के इकडे-तिकडे होणारच.

बेसनाचा लाडू, ४० ग्रॅम: २०० कॅलरी
करंजी, ३५ ग्रॅम: १७० च्या आसपास
चकली, २० ग्रॅम: १०० ते ११०
पातळ पोह्यांचा चिवडा, एक मोठी मूठ, २५-३० ग्रॅम: १३०
शंकरपाळे, मध्यम आकाराचे १० (५० ग्रॅम): २५०
पेढा, २० ग्रॅम: ८५

शंकरपाळ्यांकडे नीट बघा. लाडू एक खाऊन माणूस थांबतो, कारण लाडू मोजता येतो. शंकरपाळे आणि शेव मोजले जात नाहीत. वजन वाढवण्यात ते लाडवाच्या पुढे जातात आणि नाव मात्र लाडवाचं होतं.

दुरुस्ती करायची तर करण्याच्या प्रमाणापासून करा. एक किलो बेसन, अर्धा किलोच्या वर तूप, ९०० ग्रॅम पिठीसाखर घेतली की जवळपास अडीच किलो लाडू होतात, म्हणजे १२,००० कॅलरी. चार माणसांच्या घरात हे एकटे लाडू. शेजारी-नातेवाइकांना किती डबे जाणार हे आधी लिहून काढा, तेवढं अधिक घरच्यांना माणशी प्रत्येक प्रकाराचे आठ-दहा नग, आणि तेवढंच करा. लाडू ४० ऐवजी २२-२५ ग्रॅमचा वळा. दोन खाल्ले तरी आधीच्या सव्वा लाडवाएवढे, आणि बहुतेक वेळा एकावरच भागतं.

वेळही बदला. चिवडा आणि चकली आठवडाभर आधी केली की वसुबारसेच्या आत निम्मी संपते आणि पुन्हा घाणा घालावा लागतो. म्हणजे फराळ दोनदा होतो. धनत्रयोदशीच्या एक-दोन दिवस आधी करा. वाटायचे डबे त्याच संध्याकाळी भरून, नाव लिहून, पिशवीत घालून दाराशी ठेवा. घरचा साठा स्टीलच्या बंद डब्यात, वरच्या फळीवर, स्टूल लागेल अशा उंचीवर. काचेच्या बरणीत नको, कारण दिसलं की हात जातो. आणि एक नियम घरातल्या सगळ्यांना: डब्यातून तोंडात नाही, डब्यातून बशीत. बशी घेऊन बसायचं, डबा बंद करून जागेवर ठेवून मगच खायचं. नियम पोरकट वाटतो. पाळून बघा, पहिल्या आठवड्यातच डबा किती दिवस टिकतो ते कळेल.

फराळ न्याहारीच्या *जागी* येऊ द्या, न्याहारीनंतर नको. अभ्यंगस्नानानंतरच्या ताटात एक लाडू, एक करंजी, एक चकली आणि मूठभर चिवडा असेल तर ६०० कॅलरी झाल्या, म्हणजे पोटभर जेवण. त्यानंतर अकरा वाजता "काहीतरी गरम" म्हणून पोहे करायची गरज नसते. दुपारी उशिरा वरण-भात, भाजी, काकडीची कोशिंबीर पुरते. गोव्यात दिवाळीच्या पहाटे फोव (पोहे) असतात, तिथे हाच विचार वेगळ्या रीतीने: ताकातले फोव पोटभर घ्या, नारळाच्या रोसातले आणि गुळाचे चवीपुरते.

बिघाड २: तळण तेल पितं

एकाच भाजणीच्या चकल्या दोन घरांत केल्या तर तेलाचा फरक दीडपट पडू शकतो. हे मोजायला सोपं आहे. कढईत ओतायच्या आधी तेल काट्यावर मोजा. तळून झाल्यावर गार करून, गाळून, पुन्हा मोजा. १,००० ग्रॅम ओतलं आणि ७९० उरलं तर २१० ग्रॅम तेल चकल्यांत गेलं. ग्रॅमला ९ कॅलरी धरून ते १,८९० होतं. अर्धा किलो भाजणीच्या सगळ्या पिठात मिळून जेवढ्या कॅलरी असतात त्याहून हे जास्त.

तेल जास्त का शिरतं? तळताना पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर येत असतं, आणि वाफ बाहेर येते तोवर तेलाला आत जागा मिळत नाही. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वाफेचा जोर कमी पडतो, वरची कड धरायला वेळ लागतो आणि चकली बराच वेळ तेलात पडून राहते. तेल १७० ते १८० अंशांच्या दरम्यान हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा तुकडा टाका: लगेच वर आला आणि लाल झाला नाही तर बरोबर, तळाशी बसून राहिला तर थांबा. कढईत एका वेळी तीन-चारच चकल्या. एकदम सात सोडल्या की तेल थंड पडतं आणि तो घाणा तेलकट होतो. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढा.

मोहन हा दुसरा मुद्दा. चार वाट्या भाजणीला पाव वाटी कडकडीत मोहन पुरतं. "खुसखुशीत व्हावी" म्हणून अर्ध्या वाटीच्या वर गेलात तर चकली तेलात हसते, तुटते, आणि मोकळ्या झालेल्या प्रत्येक भेगेत तेल भरतं. खाण्याच्या सोड्याचंही तेच, कारण सोड्याने पीठ सच्छिद्र होतं.

आता खरी गंमत. तेलाचा मोठा हिस्सा तळताना आत जात नाही, बाहेर काढल्यावर जातो. पदार्थ गार होताना आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून पहिली अर्धी मिनिट महत्त्वाची. झाऱ्यात घेऊन कढईवरच दोन झटके द्या, गरम असतानाच जाळीवर उभी ठेवा, एकावर एक रचू नका. कागदावर सरळ आडवी टाकली की खालची बाजू स्वतःच्याच तेलात बसते. अनारसे चाळणीत उभे करून निथळायची जुनी रीत यासाठीच आहे. जाळीदार पदार्थ सगळ्यात जास्त तेल-तूप धरतो.

चिवड्यात मोठी बचत आहे आणि चव जात नाही. पातळ पोहे तळू नका, मंद आचेवर कोरडे भाजा किंवा दोन दिवस कडक उन्हात ठेवा. अर्धा किलो पोह्यांना फोडणीचं ५०-६० ग्रॅम तेल पुरतं. सैल हाताने हेच १२५-१५० वर जातं. दाणे आणि खोबरं त्याच फोडणीत परता, वेगळं तळू नका.

करंजी ओव्हनमध्ये बरी होते (१८० अंश, वीस मिनिटांच्या आसपास, वरून दुधाचा हात). भाजलेली चकली मात्र बहुतेकांना दगडासारखी लागते, आणि "तळलेली नाही" म्हणून दुप्पट खाल्ली जाते. त्यापेक्षा नीट तळलेली दोन खा.

उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा. पुन्हा-पुन्हा तळणाला वापरू नका.

बिघाड ३: गूळ, खजूर आणि "शुगर फ्री"

१०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, १०० ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास. वजनाच्या दृष्टीने हा फरक नाहीच. गुळाचा लाडू "पौष्टिक" म्हणून तीन खाल्ले की साखरेचा एक परवडला. खजूर-सुकामेव्याच्या ३० ग्रॅमच्या लाडवातही सव्वाशे कॅलरी असतात. शुगर फ्री बर्फीत साखर नसते, खवा आणि तूप असतंच.

शेवटी मोजायचं ते तूप. उकडीच्या एका मोदकात २० ग्रॅम पिठी, १५ ग्रॅम ओलं खोबरं, १० ग्रॅम गूळ धरला तर दीडशेच्या वर कॅलरी. त्यावर पळीभर पातळ तूप, साधारण १२ ग्रॅम, म्हणजे आणखी ११०. मोदकाला तूप हवंच. ते नसेल तर मोदक घशाखाली उतरत नाही हेही खरं. पण पहिल्या मोदकावर पळी आणि पुढच्यांवर चमचा, एवढं करता येतं. पुरणपोळीला हाच न्याय. आणि श्रीखंडाबद्दल बोलायचं तर चक्का आणि साखर समसमान असते, म्हणजे १०० ग्रॅमच्या वाटीत ४५ ते ५० ग्रॅम साखर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पोषणसंस्थेची वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅम आहे. घरी करताना चक्का पूर्ण निथळून (आठ-दहा तास टांगून) साखर दोन तृतीयांश घातली तरी गोडी कमी वाटत नाही. पाणचट चक्क्याला साखर जास्त लागते.

बिघाड ४: नवरात्रातलं वजन, तेही उपास करून

"एकादशी आणि दुप्पट खाशी" हे काही उगाच म्हटलेलं नाही. साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी फोडून बघा: ६० ग्रॅम साबुदाणा २१० कॅलरी, ३० ग्रॅम दाण्याचं कूट १७०, १५ ग्रॅम तूप १३५, बटाटा ३०. साडेपाचशेला थोडी कमी. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट, प्रथिनं नाहीत म्हणावी इतकी. दोन तासांत पुन्हा भूक लागते, मग वेफर्स, मग खजूर, मग रताळ्याचा कीस. रोज असं नऊ दिवस.

उपास ठेवायचा आणि वजनही, तर मुख्य जेवण भगरीचं करा. ५० ग्रॅम वरीचे तांदूळ साधारण १७० कॅलरी, बरोबर दाण्याची आमटी पातळ (माणशी १५ ग्रॅम कूट), काकडीची दाण्याचं कूट न घातलेली कोशिंबीर, एक वाटी दही. ताक दिवसातून दोनदा. राजगिऱ्याची भाकरी आणि लाल भोपळ्याची किंवा सुरणाची भाजी ही दुसरी चांगली जोडी, ज्यांच्याकडे या भाज्या उपासाला चालतात त्यांच्यासाठी. साबुदाणा नऊ दिवसांत दोनदा, खिचडी म्हणून, वडा नको. आणि रात्री गरब्याहून येताना साडेअकराची दाबेली हा उपास सोडण्याचा मुहूर्त नव्हे.

मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर खाली आणणारी गोळी चालू असणाऱ्यांनी निरंकार उपासाआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा. नेहमीचा डोस आणि रिकामं पोट यातून साखर धोकादायक खाली जाते.

बिघाड ५: आग्रह

आपल्याकडे पानात टाकणं वाईट, त्यामुळे एकदा वाढलं गेलं की खावं लागतं. म्हणून नकार पानात पडायच्या आधी द्यायचा असतो, तोंडाने आणि हाताने दोन्ही. पळी पानावर आल्यावर "नको नको" हा नकार नसतो, ती रीत आहे आणि वाढणारीही तसंच समजते.

पहिल्या वाढपातच थोडं घ्या आणि दुसऱ्यांदा स्वतः मागा. "वहिनी, बासुंदी अर्धी वाटी द्या, मग आणखी घेते" याला कुणी आडवं येत नाही, आणि दुसऱ्या अर्ध्या वाटीने आग्रहाचं समाधान होतं. न मागता वाढलेली भरलेली वाटी आणि वर आग्रहाची अर्धी, इथे खरं नुकसान आहे. डावी बाजू रिकामी ठेवू नका: कोशिंबीर दोनदा घ्या. वरण-भातानंतर पुऱ्या मोजून घ्या, पुरी तेलाचीच असते.

भाऊबीजेला आणि पाडव्याला पाच घरं असतात. प्रत्येक घरी बशी येणार, ६०० कॅलरीची. उपाय असा की प्रत्येक घरी एकच पदार्थ नाव घेऊन मागा: "काकू, चकली तुमच्या हातचीच खायची म्हणून आलोय, बाकीचं डब्यात द्या." मान राहतो, पोट राहतं. चहा बिनसाखरेचा किंवा निम्मा. पाच घरचा चहा दीड-दीड चमचा साखरेने मिळून ३५-४० ग्रॅम साखर देतो आणि ती कुणाच्या हिशोबात नसते.

डबे घरी आले की ते त्याच दिवशी पुढे पाठवा, ज्यांच्याकडे फराळ होत नाही तिथे. सोसायटीचे रखवालदार, घरकामाच्या मावशी, होस्टेलवरची मुलं. ताजं असताना. कार्तिकी एकादशीनंतर वास आलेला चिवडा देऊ नये.

बिघाड ६: "रात्री जेवायचंय म्हणून दिवसभर काही नाही"

हिशोबाने बरोबर, वागण्यात सपशेल चूक. आठ तास उपाशी माणूस मोदकाच्या ताटावर बसला की पहिल्या दहा मिनिटांत जेवतो ते भुकेने, चवीने नाही. सकाळी प्रथिनं घ्या: दोन मुगाची धिरडी आणि दही, किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, चालत असेल तर दोन अंडी. जेवायच्या अर्धा तास आधी ग्लासभर ताक. मग चौथा मोदक आपोआप उरतो.

कोजागिरीला याचं उलट होतं: पोटभर जेवून वर रात्री बारा वाजता आटीव मसाला दूध. ३०० मिलिलिटर म्हशीचं दूध आटवून २०० केलं आणि वर चार चमचे साखर, की साडेतीनशे कॅलरी सहज. त्या दिवशी रात्रीचं जेवण म्हणजे मुगाची खिचडी आणि कढी, लवकर. किंवा दूध छोट्या पेल्यात.

चालण्याने हे सगळं जिरवू म्हणाल तर साठ किलोच्या माणसाला झपझप अर्धा तास चालून १२० ते १५० कॅलरी जातात. एका लाडवाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. चालणं थांबवू नका, जेवणानंतरची पंधरा मिनिटं रक्तातली साखर खाली ठेवायला फार उपयोगी आहेत. पण मखर, रांगोळी, खरेदी यांत नेमकं तेच पहिलं सुटतं. सकाळचं जमत नसेल तर दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं करा.

झालं ते झालं, आता कसं उतरवायचं

रस-उपास, तीन दिवस फक्त सूप, "शरीरशुद्धी" असलं काही नको. त्यात उतरतं ते वर सांगितलेलं पाणीच, आणि चौथ्या दिवशी परत येतं. तुळशीच्या लग्नानंतर रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी, एवढंच: रात्रीची एक पोळी आणि निम्मा भात कमी, दुपारच्या चहाबरोबरचा फराळ बंद, त्या जागी फुटाणे किंवा पेरू. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरणं ठीक आहे. दीड किलोला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे मार्गशीर्षाचे गुरुवार संपेपर्यंत. लग्नसराई तेव्हाच सुरू होते, म्हणून हे काम पौषावर ढकलू नका.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयातली मुलं आणि खाण्याबद्दल आधीच अपराधी वाटून त्रास झालेली माणसं यांनी कॅलरी मोजत बसू नये. डबे वर ठेवणं आणि बशीचा नियम त्यांना पुरे.

दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन वाढलं, सोबत पावलांवर बोटाने दाबल्यावर खळगा राहणारी सूज आहे, आडवं पडल्यावर धाप लागते किंवा लघवी कमी झाली आहे, तर तो फराळ नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. खाणं नेहमीचंच असून वजन महिनोन्महिने चढतंय, थंडी जास्त वाजते, बद्धकोष्ठ आहे, केस गळतात, तर थायरॉईडची तपासणी करून घ्या.